दोन किलोमीटरवरची टाकी

“टाकी पाडली ना ती, म्हणून,” बायको म्हणाली आणि भरलेली बादली ओढून तिने नळाखाली दुसरी सरकवली. त्याने फक्त एवढंच विचारलं होतं, की आज पाण्याला इतका जोर कुठून आला. तेही काहीतरी बोलायचं म्हणून. बारा दिवस घरी बसून काढल्यावर दोघांत बोलण्यासारखं फारसं उरलं नव्हतं, आणि अकरा वाजता त्याची जबानी होती, तिच्याबद्दल बोलायची तर कोणाचीच तयारी नव्हती. तो अर्धी दाढी करून न्हाणीघराच्या दारात उभा होता. “कुठली टाकी?” त्याने विचारलं. “अहो, ताईच्या घरामागची. ती जुनी, उंच. आता थेट नवीन लाइन टाकलीय म्हणे. ताईची सगळी गच्ची धुळीने माखली, खिडकीचं तावदान गेलं, ती नुसती कावली होती. सांगितलं होतं की मी तुम्हाला.” “कधी पाडली?” “झाले पंधरा दिवस. रविवारी. मी सांगत होते तेव्हा तुम्ही हं म्हणालात.” तो आत वळला. आरशात एक गाल साबणाचा आणि एक गाल त्याचा होता. त्याने ब्लेड नळाखाली धरलं आणि मनात दिवस मोजले. मोजायला काही फार नव्हतं. रविवारी टाकी पडली, बुधवारी विमान पडलं. आणि बुधवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी, वहीत, त्याच्याच हाताने, त्याच्याच निळ्या पेनाने लिहिलेलं होतं: टाकी दिसते, दोन किलोमीटर.

पहिला राग आला तो बायकोचा. ही बाई पंधरा दिवस हे पोटात घेऊन भाज्या चिरत होती, कपडे वाळत घालत होती, रात्री कुशीवर वळून घोरत होती. पोटात घेऊन कुठली, तिने सांगितलंच होतं, आणि तो हं म्हणाला होता. पण तिचं बोलणं म्हणजे तीस वर्षं चालू असलेला पंखा, त्यातला कुठला फेरा कामाचा हे माणसाने कसं ओळखायचं? आणि बहीण तरी हिचीच. टाकी पाडली ती पाडली, तावदानाचं रडगाणं गायलं, पण एक फोन त्याला करावा असं काही त्या बाईला वाटलं नाही. का वाटावं? ती टाकी त्याची आहे, हे तिला कुठे माहीत होतं. कोणालाच माहीत नव्हतं. बायकोने विचारलं, “शर्ट इस्त्रीचा काढू का?” तो म्हणाला, “तुला काय करायचंय?” तिने शर्ट काढून खुर्चीवर टाकला, त्याने तो मुद्दाम घातला नाही, कालचाच घातला, आणि जिना उतरताना कालच्या घामाचा वास येऊन त्याला स्वतःचीच शिसारी आली.

बसमध्ये जागा मिळाली ती खिडकीची. टाकीचा भाग उजव्या हाताला, टेकाडाच्या पलीकडे. रस्त्यावरून ती कधीच दिसत नसे. दोन थांबे आधी उतरून पंधरा मिनिटं चाललं असतं तर खात्री करून घेता आली असती, पण त्याला खात्री नको होती. त्याचं काम सांगायला अगदी सोपं होतं, म्हणूनच कोणाला त्याचं काही वाटत नसे. शहराबाहेरच्या त्या छोट्या विमानतळावर फ्लाइंग क्लबची दोन-चार माणसांची विमानं चढत-उतरत, आणि तो सकाळच्या पाळीला दर अर्ध्या तासाने गच्चीवर जाऊन किती लांबचं दिसतंय ते सांगे. मोजायचं यंत्र येणार येणार म्हणून सहा वर्षं झाली होती. कठड्यावर एक पत्रा ठोकलेला होता आणि त्यावर रंगाने खुणा लिहिलेल्या: वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी तीनशे मीटर, सुरूच्या झाडांची रांग आठशे, गोदामाचं छप्पर बाराशे, पाण्याची टाकी दोन हजार, कारखान्याची चिमणी पाच हजार. सर्वांत लांबचं जे दिसेल ते लिहायचं. चिमणी दिसली की टाकीकडे कोण बघतो? आणि ज्या दिवशी झाडंच दिसत नाहीत त्या दिवशी टाकीचा प्रश्नच येत नाही. टाकीला शोधायची वेळ वर्षातून वीस-पंचवीसदा, धुकं मध्येच कुठेतरी अडलेलं असताना. पण दोन हजाराच्या आत आलं की विमानतळ बंद, वर असेल त्या विमानाने ऐंशी किलोमीटरवरच्या मोठ्या विमानतळावर जाऊन उतरायचं. म्हणजे सगळ्या जागेचं कुलूप त्या टाकीला होतं आणि किल्ली त्याच्या डोळ्यांत.

डोळे त्याचे उत्तम होते. दरवर्षी तपासणी होई. चष्मा होता तो जवळचं वाचायला. आळसापोटी तो काढत नसे, नाकावर खाली ओढून वरून लांबचं बघे. त्यावरूनच कॅप्टनने त्याचं नाव ठेवलं होतं. कॅप्टन म्हणजे क्लबचा पायलट, बत्तीस-तेहतीसचा, केस नेहमी ओले असल्यासारखे, खांद्यावर चार पट्ट्या शिवून घेतलेला. क्लबच्या विमानाला चार पट्ट्यांचा पायलट म्हणजे उंदराला हत्तीची झूल, असं तो बायकोला म्हणाला होता आणि ती हसली होती. तेवढा एक विनोद तिला आवडला होता. कॅप्टनने त्याला धुकेकाका म्हणायला सुरुवात केली आणि महिन्याभरात हँगरमधल्या मेकॅनिकपासून झाडूवालीपर्यंत सगळे धुकेकाका म्हणायला लागले. मॅनेजरने एकदा टपालावरही तसंच लिहिलं. तोंडावर काका, मागे धुकं. तेही एक वेळ चाललं असतं. पण त्या बुधवारच्या महिनाभर आधी त्याने एका सकाळी दीड किलोमीटर दिलं. गोदाम दिसत होतं, टाकी दिसत नव्हती, मग मधलं दीड. विमानतळ बंद झाला, कॅप्टनला मोठ्या विमानतळावर उतरावं लागलं, तिथून तो टॅक्सीने परत आला, तोपर्यंत बारा वाजले होते आणि ऊन कसं डोळ्यांवर येत होतं. कँटीनमध्ये सात-आठ जण जेवत होते. कॅप्टन सरळ त्याच्या टेबलापाशी आला, त्याच्या नाकावरचा चष्मा उचलला, दोन्ही काचांवर हाऽऽऽ करून वाफ सोडली, टेबलावरच्या फडक्याने पुसला आणि परत त्याच्या नाकावर नीट बसवला. कानांमागे काड्यासुद्धा लावल्या, लहान मुलाला लावतात तशा. “आता बघा, काका,” तो म्हणाला, “टॅक्सीवाला पण दिसेल.” सगळे हसले. मॅनेजर तोंडातला घास सांभाळत हसला. आणि तोही हसला. हेच त्याला सगळ्यात जास्त लागलं होतं. त्या फडक्याचा तेलकट वास दोन दिवस चष्म्याला येत राहिला.

बस खड्ड्यातून गेली आणि त्याचं डोकं काचेवर आपटलं. बाजूचा माणूस म्हणाला, “लागलं का?” तो म्हणाला, “तुम्हाला लागलं का? मग झालं तर.” माणूस दुसरीकडे बघायला लागला. जगात सगळे लोक विचारपूस करायला कसे टपलेले असतात. बारा दिवस तेच चाललं होतं: शेजारी, मेहुणी, दुकानदार. अरेरे, तरुण होता हो. तुमच्यासमोरच पडलं का? समोर कसलं पडतंय. समोर पांढरं होतं, नुसतं पांढरं, कठड्यापासून आभाळापर्यंत. त्या सकाळी तो सात वाजून आठ मिनिटांनी गच्चीवर गेला. कठडा ओला होता. झाडांची रांग होती, गोदामाचं छप्पर होतं, म्हणजे ते येत होतं, जात होतं. खाली खोलीतला वायरलेस जिन्यातून ऐकू येत होता, आणि त्यात तो आवाज, वरून कुठूनतरी, एकटा येणारा, रिकामं विमान परत आणणारा: “काय म्हणतात धुकेकाका? आज तरी पुसलाय का चष्मा?” खाली कोणीतरी फिस्सकन हसलं. तो टाकीच्या जागेकडे बघत उभा राहिला. टाकी कुठे असते हे त्याला डोळे मिटूनही सांगता आलं असतं. गोदामाच्या डाव्या कोपऱ्यावरून हाताचा अंगठा धरला की अंगठ्याच्या शेजारी. तिथे थोडं राखाडी होतं. आजूबाजूला पांढरं आणि तिथे राखाडी, खाली बारीक, वर फुगीर. बारा दिवस त्याने स्वतःला हे राखाडी समजावून सांगितलं होतं. होतं ना? होतं. खाली बारीक होतं ना? होतं. मग टाकी दुसरी काय असते? आणि त्या राखाडीकडे बघताना त्याच्या मनात काय आलं होतं, ते मात्र त्याने स्वतःलाही कधी नीट ऐकू दिलं नव्हतं. मनात आलं होतं: हवेत ना तुला दोन? घे दोन. घे, आणि मर.

मर हे आपण येताजाता म्हणतो. बायकोला म्हणतो, बसच्या दाराला म्हणतो, न पेटणाऱ्या काडीला म्हणतो. कोणी मरत नाही. तो खाली आला, वहीत लिहिलं, वायरलेसवर सांगितलं, “दोन किलोमीटर. टाकी दिसते.” वरून आवाज आला, “शाब्बास, काका!” ते शेवटचं. मग इंजिनाचा आवाज जवळ आला, डावीकडून, नेहमीपेक्षा खालून, आणि थांबला. धडाका वगैरे काही ऐकू आला नाही, लोक उगाच विचारतात. चालू असलेला आवाज नव्हता एवढंच. जुन्या खाणीच्या कड्याला विमान धडकलं होतं, धावपट्टीपासून दीड किलोमीटरवर. दोन किलोमीटर दिसतंय म्हटल्यावर कॅप्टनने कडा समोर येईल तेव्हा बघू, म्हणून विमानाचं नाक खाली घातलं असेल, आणि कडा आला तेव्हा तो बघण्याइतका लांब नव्हता.

चौकशी मॅनेजरच्या खोलीत होती. हेड ऑफिसहून आलेले साहेब मॅनेजरच्या खुर्चीत बसले होते, काळा चष्मा कपाळावर चढवून, एका हाताने फोनवर काहीतरी वर सरकवत. भिंतीलगतच्या बाकावर एक बाई बसली होती, चाळिशीची, काटक, मांडीवर कापडी पिशवी आणि पिशवीतून एका बुटाची टाच बाहेर आलेली. बूट पुरुषाचा होता. “या यांच्या मोठ्या बहीण,” साहेब म्हणाले, “म्हणजे आपल्या मयत पायलटच्या. सामान न्यायला आल्यात. त्यांना ऐकायचंय, बसू दे म्हटलं.” बाईने त्याच्याकडे बघितलं. नमस्कार केला नाही. कपड्याला माप घेताना बघावं तसं वरपासून खालपर्यंत बघितलं, आणि नंतर कळलं की ती खरोखरच शिवणकाम करते. तिचे ओठ त्याच्यासारखे होते. कॅप्टनसारखे. ते बघून त्याला दया यायला हवी होती. त्याला फक्त एवढंच वाटलं, की हिला इथे कोणी बसवली.

“केस सरळ आहे हो,” साहेब म्हणाले. “तुमची वही बघितली. उत्तम ठेवलीय. सात दहाला दोन किलोमीटर. आता मला सांगा, दोन किलोमीटर दिसत असताना ज्याला समोरचा एवढा मोठा कडा दिसत नाही, त्याचं लक्ष कुठे असणार? बेफिकिरी. दुसरं काय?” त्यांनी हे इतक्या सहज म्हटलं, की जणू भाजीत मीठ कमी आहे. बाकावरून बाई म्हणाली, “बेफिकिरी लिहिणार तुम्ही?” “बाई, आम्ही आमच्या मनाचं लिहीत नाही. वही बोलते.” “माझा भाऊ आगाऊ होता,” ती म्हणाली. “लहानपणापासून. शिक्षक मारायचे, मी मारायची, सुधारला नाही. लोकांना नावं ठेवायचा, घरात मलासुद्धा. पण विमानात बसला की तो वेगळा माणूस व्हायचा. मला एकदा नेलं होतं त्याने वर. तासभर तोंडातून शब्द नाही, नुसता बघत होता. एवढा मोठा कडा दिसला असता तर त्याने बघितला असता. दिसला नाही म्हणून नाही बघितला.” तिचा आवाज चढला नव्हता. साहेबांनी त्याच्याकडे बघून भुवया उडवल्या, म्हणजे हे असंच असतं नातेवाइकांचं. त्या भुवयांत आपल्याला भागीदार करून घेतलंय हे त्याला कळलं, आणि बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा कोणी मोठा माणूस त्याच्या वहीच्या बाजूने बसला होता. कॅप्टनच्या नावापुढे आता कायमचं बेफिकीर लागणार होतं, जसं त्याच्या नावापुढे धुके लागलं होतं. फिटंफाट. हा शब्द मनात आला. त्याने पाणी मागितलं. पाण्याचा ग्लास आला, तो त्याने तसाच ठेवला.

“एक फॉर्म्यालिटी,” साहेब उठत म्हणाले. “वर जाऊन ती खूण समक्ष बघतो, म्हणजे मला लिहिता येईल. चला, दोन मिनिटं. मला साडेबाराची गाडी आहे.” त्याला वाटलं, चला, सुटलो. कोणत्या अर्थाने सुटलो ते त्याला कळलं नाही, पण जिना चढताना पाय हलके झाले. हे गच्चीवर येतील, बघतील, टाकी नाही म्हणतील, आणि मग जे व्हायचं ते होईल. आपल्याला काही बोलावं लागणार नाही. आपल्या तोंडाने म्हणणं वेगळं आणि दुसऱ्याने पकडणं वेगळं. पकडलेल्या माणसाची निदान थोडी दया करतात. पाठीमागून तिसरी पावलं वाजत होती. बाई पिशवी घेऊन चढत होती, कोणी ये म्हटलं नसताना.

वर इतकं स्वच्छ होतं, की अंगावर आल्यासारखं वाटलं. अपघातापासून विमानतळ बंद होता, बारा दिवस इथे कोणी आलंच नव्हतं. कठड्यावर कबुतरांनी घाण करून ठेवली होती. वाऱ्याची पिशवी लोंबत होती, झाडं होती, गोदामाच्या छपरावरचे गंजाचे डागसुद्धा मोजता येत होते. चिमणी होती, धूर सोडत. त्याने सवयीने गोदामाचा डावा कोपरा धरला, हात लांब केला, अंगठा उभा केला. अंगठ्याच्या शेजारी आभाळ होतं. निळं, कोरं, चाळीस फूट रुंदीचं. रोज जेवणाच्या ताटाशेजारी असणारा पाण्याचा तांब्या एके दिवशी नसला की हात तिथे जाऊन थबकतो, तसा त्याचा डोळा तिथे जाऊन थबकला. साहेबांनी कपाळावरचा काळा चष्मा डोळ्यांवर घेतला. “हं. कुठेय?” “ती,” तो म्हणाला आणि बोट केलं. बोट का केलं, हे त्याला पुढे कधी सांगता आलं नसतं. बोट तिकडे जायचं म्हणून गेलं. साहेबांनी मान थोडी पुढे काढली. फोन थरथरला, त्यांनी तो बघितला, परत समोर बघितलं. “अच्छा, ती का. हो हो. दिसली की. चांगली दिसतेय.” आणि कठड्यावर फाइल टेकवून लिहायला लागले, ओठांनी पुटपुटत: “खूण क्रमांक चार, पाण्याची टाकी, आज समक्ष पाहिली. स्पष्ट दिसते.”

त्याला हसू फुटलं असतं. कँटीनमध्ये सगळे हसले तसं, घास सांभाळत. काळा चष्मा, मोठा पगार, साडेबाराची गाडी, आणि नसलेली टाकी याला स्पष्ट दिसते. मग हसू आतल्या आत मेलं, कारण त्याला आठवलं की दिसते हा शब्द त्यानेही लिहिला होता. ह्या माणसाला दिसायला कारण होतं, म्हणून दिसली. गाडी होती. आपल्याला कुठली गाडी होती? राखाडी काही नव्हतंच तिथे. खाली बारीक, वर फुगीर, सगळं त्याने आणून ठेवलं होतं, एकेक वीट करून, बारा दिवसांत. “घ्या, इथे सही,” साहेबांनी कागद पुढे केला. तो कागदावर वाकला. एका सहीने तो कायमचा सुटत होता. पेन्शन, घर, बायकोने काढलेला आणि आज खुर्चीवरच राहिलेला इस्त्रीचा शर्ट, सगळं जागच्या जागी राहत होतं. पेन चालत होतं, पहिलं अक्षर झालंही.

“मला नाही दिसत,” बाई म्हणाली. ती कठड्याला पोट लावून उभी होती. “बाई, सवय लागते त्याला,” साहेब म्हणाले. “मी दिवसभर सुईत दोरा ओवते,” ती म्हणाली, “आणि लांबचंही मला दिसतं. ती चिमणीवरची शिडी दिसतेय. टाकी नाही दिसत. तुम्ही दाखवा.” हे त्याला होतं. “साहेबांनी नको, तुम्ही दाखवा. नीट.” त्याने पेन कागदावर ठेवलं आणि हात उचलला. ती त्याच्या मागे येऊन उभी राहिली, डोकं त्याच्या खांद्याशी आणून, एक डोळा मिटून त्याच्या दंडावरून, मनगटावरून, बोटावरून नेम धरल्यासारखी बघायला लागली. तिचा श्वास त्याच्या कानाला लागत होता. कालच्या शर्टाचा वास तिला येत असेल. पिशवीतल्या बुटाची टाच त्याच्या पाठीत टोचत होती. ती बराच वेळ बघत राहिली. इतका वेळ त्याच्या बोटाकडे आयुष्यात कोणी बघितलं नव्हतं.

“तिथे काही नाहीये,” ती हळूच म्हणाली. ती विचारत होती. चूक आपलीच असेल तर सांगा, असंच तिच्या आवाजात होतं, आणि तेवढंच त्याला सोसलं नाही. ओरडली असती तर तो ओरडला असता.

“नाहीये,” तो म्हणाला. “त्या दिवशीही नव्हती. तीन दिवस आधी पाडली होती.”

“म्हणजे?” साहेब म्हणाले. “अहो, काय बोलताय? मी आत्ता बघितली.”

त्या दोघांपैकी कोणी साहेबांकडे बघितलं नाही. ती पुढे आली आणि त्याच्या तोंडासमोर उभी राहिली. आता ते ओठ अगदी जवळ होते.

“मग तुम्हाला काय दिसलं?”

धुकं म्हणता आलं असतं. वय झालं म्हणता आलं असतं, सवयीने चूक झाली म्हणता आलं असतं. तिने ते मानलंही असतं, रडली असती आणि बूट घेऊन घरी गेली असती. त्याचं बोट अजून तसंच वर होतं, ते खाली घ्यायचं त्याच्या लक्षात आलं नव्हतं.

“तुमचा भाऊ,” तो म्हणाला. “माझा चष्मा पुसत होता.”